विमानातील उपासाविषयी खुलासा

“आमच्या भाऊजींनी बहिणीला अमेरिकेला नेलं ते सव्वीस तास उपाशी, निर्जळी ठेवून. संकष्टी होती, विमानात चंद्र काही उगवेना, आणि हे भूगोलाचे मास्तर घड्याळात बघून सांगतायत, अजून वेळ आहे, थांब. शेवटी बिचारीला उतरवली ती चाकाच्या खुर्चीतून.”

ही हकीकत माझे थोरले मेहुणे गेली वीस-बावीस वर्षे सांगत आलेले आहेत. लग्नात सांगतात, मुंजीत सांगतात. एकदा तर तेराव्याच्या जेवणातही त्यांनी ती सांगितली आणि शोकाकुल मंडळींना हसवले. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली आहे. अलीकडच्या आवृत्तीत एक हवाई सेविका हात जोडून ‘आजींना खाऊ द्या’ अशी माझी विनवणी करू लागली आहे. मेहुणे विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले असून विमानात आजतागायत बसलेले नाहीत. ज्या प्रवासात ते नव्हते त्याची हकीकत ते सांगतात आणि ज्या प्रवासात मी होतो त्याची मला ती ऐकावी लागते. आजवर मी तोंडी प्रतिवाद केला. तोंडी प्रतिवादाचे हसे होते, म्हणून आता लिहितो.

मेहुण्यांच्या कथनातील दोन गोष्टी खऱ्या आहेत. त्या दिवशी संकष्टी होती, आणि विमानतळावर चाकाची खुर्ची मागवावी लागली होती. या दोहोंच्या मध्ये त्यांनी जे घातले आहे ते त्यांचे स्वतःचे आहे.

त्या काळी आमच्या कसबा पेठेत एका घराआड कोणाचा ना कोणाचा मुलगा किंवा जावई संगणकाच्या कामासाठी अमेरिकेला गेलेला असे. मागे राहिलेल्या आईबापांना लांबच्या विमानप्रवासाविषयी जी माहिती असे ती एकमेकांकडून मिळालेली. कोणी सांगे, कानात कापूस घाला. कोणी सांगे, आवळासुपारी खिशात ठेवा. एका गृहस्थांनी तर झोपेची गोळी घेऊन थेट उतरायच्या वेळीच उठण्याचा सल्ला दिला होता. पाणी प्या आणि अधूनमधून उठून चाला, एवढे मात्र आम्हांला कोणीही सांगितले नाही.

लेकीचा नवा संसार पाहायला म्हणून आम्ही प्रथम निघालो. तिकिटे जावयांनी काढली होती. त्यांनी तारीख पाहिली, तिथी पाहिली नाही. पत्नी लग्नाआधीपासून संकष्टी करीत आलेली. मी स्वतः कोणताही उपास करीत नाही, परंतु करणाऱ्याला अडवीतही नाही. सकाळचे विमान, वाटेत युरोपात एकदा बदल, आणि न्यू जर्सीला संध्याकाळी पोचणार. पश्चिमेकडे जाताना सूर्य आपल्या सोबत चालतो, दिवस लांबत जातो आणि चंद्रोदयही तितकाच लांबतो, हे मी तिला घरीच समजावून दिले होते. तिने राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि दाण्याची चिक्की असा डबा घेतला. तो डबा तिने वाटेत तीन वेळा उघडला. तेव्हा ‘उपाशी’ हा शब्द येथेच बाद होतो.

आता चंद्राविषयी. युरोपात विमान बदलून आम्ही समुद्रावर आलो होतो. माझे घड्याळ मी पुण्याच्याच वेळेवर ठेवले होते. त्यात पावणेनऊ झाले तेव्हा मी तिला म्हणालो, “पुण्यात चंद्र उगवला. पंचांगाप्रमाणे तुझा उपास सुटला. आता जेव.”

तिने खिडकीचा पडदा वर सरकवला. बाहेर लख्ख उजेड.

“हे ऊन आहे ना?”

“आहे.”

“मग?”

“अगं, पुण्यात उगवला.”

“मी पुण्यात आहे का? तीस वर्षं मुलांना शिकवलंत की जागेगणिक वेळ बदलते म्हणून. आता बायकोपुरती नाही का बदलत?”

ती म्हणत होती ते शास्त्राला धरून होते. मेहुण्यांच्या हकिकतीत मी चंद्र अडवून धरलेला आहे. वास्तविक मी तो देऊ केला होता. तिने घेतला नाही.

राहिला प्रश्न ‘निर्जळी’चा, आणि येथे मला काळजीपूर्वक लिहिले पाहिजे. त्या प्रवासात तिने पाणी घेतले नाही, हे खरे आहे. परंतु संकष्टीला पाणी वर्ज्य नसते, हे मेहुण्यांनाही ठाऊक आहे. त्यांच्या घरी चार पिढ्या संकष्टी चालू आहे. मग तिने पाणी का घेतले नाही? हा प्रश्न मला त्या विमानात पडला नाही. तो न्यू जर्सीला, ती अंथरुणावर असताना, लेकीने विचारला. पत्नीने जे उत्तर दिले त्यात उपासाचा उल्लेखही नव्हता. ती म्हणाली, “प्रवास होता ना.”

तिचे माहेर वाईच्या पुढे आठ-दहा मैलांवर. लग्न झाल्यापासून स्वारगेटवरून गाडीत बसायचे, घाट ओलांडायचा आणि दुपारपर्यंत पोचायचे, असा तिचा प्रवास. वाटेत बायकांची सोय नसे. असली तर तिथे पाय ठेवण्यासारखी नसे. म्हणून ज्या दिवशी गाडीत बसायचे त्या दिवशी पहाटेपासून पाण्याला शिवायचे नाही, चहासुद्धा अर्धाच कप, हा तिच्या आईने घालून दिलेला नियम. तो तिने चाळीस वर्षे पाळला. इतका पाळला की तो नियम आहे हेही ती विसरून गेली. मेहुणे त्याच घरात वाढले, पण गाडी थांबली की पुरुषाला उतरून झाडाआड जाता येते. त्यामुळे हा नियम त्यांच्या कानावर पडण्याचे कारण नव्हते.

विमानात तशी सोय असते हे तिला माहीत होते. परंतु खिडकीची जागा मी कौतुकाने तिला दिली होती, मधली माझी होती, आणि कडेला एक परके, धिप्पाड गृहस्थ डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले होते. परक्या पुरुषाला हलवून उठवायचे आणि कशासाठी जायचे ते त्याला न सांगता सांगायचे, हे तिच्याने आयुष्यात झाले नव्हते. मी त्यांना दोनदा उठवले. दोन्ही वेळा तिला विचारले, “जायचंय का?” दोन्ही वेळा ती ‘नको’ म्हणाली आणि मी ते मानले. इतक्या वर्षांच्या संसारानंतर पहिल्या ‘नको’वर थांबायचे नसते, हे मला कळायला हवे होते. सेविका पाण्याचे पेले आणी तेव्हा पत्नी आपला पेला घेई आणि माझ्यापुढे ठेवी. मी तो पीत असे. दोघांचे पाणी मी एकटा प्यालो आणि माझे लक्ष चंद्रोदयाच्या हिशेबात होते. ही चूक माझी आहे. मेहुणे जी माझ्या माथी मारतात ती नव्हे, ही.

उतरताना तिचे पाऊल चपलेत जाईना. पारपत्र तपासण्याच्या रांगेत तिला घेरी आली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. खुर्ची आली. दुसऱ्या दिवशी तेथील डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, तपासण्या करून घेतल्या आणि गंभीर काही नसल्याची खात्री करून दोनच प्रश्न विचारले: पाणी किती प्यायल्या आणि जागेवरून किती वेळा उठल्या. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते. ती आठ दिवस पाय दोन उशांवर ठेवून पडून राहिली. लेकीने नोकरीवरून रजा घेतली. लेकीला चार दिवस आयते ताट मिळावे म्हणून गेलेली बाई लेकीच्या हातचे आयते खात पडली, आणि ते तिला त्या पायापेक्षा जास्त लागले.

पुढे अडीच-तीन वर्षांनी लेकीला दिवस गेल्याचे कळले. आम्ही अर्थातच जाणार होतो. बाळंतपणाला आई जाते. त्यात विचारण्यासारखे काही नसते. परंतु एका रविवारी सकाळी लेकीचा फोन आला.

“बाबा, आईला आणू नका.”

“का?”

“मला दिवसभर उभं राहवत नाही. त्यात आई आल्या आल्या आडवी झाली तर मी कोणाकोणाचं करू? मामाचं पत्र आलंय. सव्वीस तास उपाशी, निर्जळी, सगळं लिहिलंय त्यानं. म्हणाला, तुझे बाबा ऐकायचे नाहीत, तूच नाही म्हण.”

“मामा विमानात होता का?”

“नव्हता. पण विमानतळावर मी होते, बाबा.”

पत्नी शेजारी उभी राहून रिसीव्हरला कान लावून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “तिचं बाळंतपण परक्या बायकांनी करायचं, आणि मी इथं बसून दादाची गोष्ट ऐकायची.”

हकीकत करमणुकीची आहे असे जे लोक समजतात त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो. एका गोष्टीमुळे एका आईचा लेकीकडे जाण्याचा रस्ता बंद होत होता.

मी आमच्या पेठेतील डॉक्टरांकडे तिला घेऊन गेलो. त्यांनी तिचा रक्तदाब पाहिला, साखर तपासून घेतली, पाय पाहिले आणि म्हणाले, “उपास करा नाहीतर करू नका, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. तासाला पेलाभर पाणी प्या, तासाला उठा, आणि बसल्या जागी पोटऱ्या हलत्या ठेवा. घरी शिवणाचं मशीन आहे ना, पायाचं? तेच विमानात चालवायचं. फक्त मशीन न्यायचं नाही.” गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे त्यांनी लिहून दिले. पत्नीने ते हातात घेऊन ताणून पाहिले आणि म्हणाली, “हे चढवायलाच एक माणूस लागेल.”

“आहे ना घरात,” डॉक्टर म्हणाले. “निवृत्त आहेत.”

पण चाळीस वर्षांची सवय डॉक्टरांच्या सांगण्याने जात नाही. ती ज्या जागी जडली तेथेच मोडायची असे मी ठरवले. दर गुरुवारी सकाळी घरून दोन पेले पाणी पिऊन आम्ही स्वारगेटला जात असू आणि तेथून कात्रजच्या बसमध्ये बसत असू. मी मुद्दाम लांब बसे. तिने परक्या माणसाशेजारी खिडकीपाशी बसायचे, कात्रज येईपर्यंत अर्धी बाटली पाणी संपवायचे आणि उतरायच्या दोन थांबे आधी शेजाऱ्याला उठवून वाट मागायची. कात्रजला सर्पोद्यानाचे तिकीट काढायचे, कारण तेथे सोय बरी होती, आणि परत यायचे.

पहिल्या गुरुवारी तिने बाटलीला नुसते ओठ लावले. परतताना म्हणाली, “अहो, लोक बघत होते.”

“पाणी पिणारी बाई लोकांनी पाहिलेली असते.”

“तुम्हाला बोलायला काय जातंय.”

दुसऱ्या गुरुवारी तिने शेजाऱ्याला उठवले नाही. तो उतरेपर्यंत बसून राहिली आणि आम्ही दोन थांबे पुढे जाऊन चालत मागे आलो. चौथ्या गुरुवारी मांडीवर पोते घेतलेल्या एका गृहस्थांना तिने ‘जरा सरकता का’ असे विचारले, आणि ते पोत्यासकट उभे राहिले. त्यानंतर तिला जोर चढला. सहाव्या किंवा सातव्या खेपेला रात्रपाळी करून परतणारा एक गणवेशातला सुरक्षारक्षक घोरत होता. त्याच्या दंडावर बोट टोचून तिने त्याला उठवला आणि “झोपा आता परत” असे सांगून ती दाराकडे गेली. सर्पोद्यानाच्या दारावरचा माणूस आम्हांला ओळखू लागला होता. एकदा त्याने विचारले, “आजोबा, साप लई आवडतात जणू?”

“नाही,” मी म्हणालो. “आम्ही पाणी प्यायला येतो.”



राखीपौर्णिमेला मेहुणे जेवायला आले. कात्रजची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली होती.

“काय भाऊजी, अमेरिकेची तालीम कात्रजला चाललीय म्हणे?”

“होय.”

“मग वाटेतल्या युरोपची कुठं? हडपसरला?”

पानावरची मंडळी हसली. मी वाढलेल्या नारळीभाताकडे पाहत राहिलो. मग ते गंभीर होऊन म्हणाले, “थट्टा सोडा. माझं म्हणणं एवढंच, उपासाच्या दिवशी तिला नेऊ नका.”

“उपासाचा काही संबंध नव्हता.”

“मग कशाचा होता?”

“तुमच्या मातोश्रींच्या शिकवणीचा.”

मेहुण्यांचा घास हातात राहिला. पत्नी म्हणाली, “दोघेही आधी जेवा.” पण वाटी पुढे सरकवून ती स्वतःच भावाकडे वळली. “दादा, स्वारगेटवरनं आपण किती वेळा गेलो असू? मला कधी पाणी पिताना बघितलंस?”

“प्यायली असशील की. मी काय मोजत होतो?”

“नाही प्यायले. एकदाही नाही. शिरवळला तू उसाचा रस घ्यायचास आणि मला विचारायचास, आणि मी नको म्हणायचे. आठवतंय?”

त्यांना रस आठवत होता. ते म्हणाले, “असेलही. पण उपासानं माणूस गळतं, ते गळतंच.” विम्याच्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर दावे फेटाळण्याचे काम केले होते, तो हात अजून सैल पडला नव्हता.

त्या आठवड्यात पत्नीने लेकीला स्वतः फोन लावला. मला बोलू दिले नाही. “मी येणार आहे,” ती म्हणाली. “आडवी झाले तर मला दवाखान्यात टाक. तू माझं काही करायचं नाहीस.” पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणे झाले. शेवटी लेक कबूल झाली. मात्र खुर्ची आधीच मागवून ठेवीन, अशी तिची अट होती.

तिकीट काढून देणाऱ्या माणसाकडे दोन तारखांच्या जागा होत्या. मी पंचांग खिशात घालूनच गेलो होतो. पहिल्या तारखेला संकष्टी होती, दुसरी तिच्यानंतर दोन दिवसांनी. मी दुसरी मागितली. पत्नी म्हणाली, “पहिली द्या.”

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी तिला कारण विचारले.

“दोन दिवसांनी गेले आणि धड पोचले, तर दादा काय म्हणेल? उपास नव्हता म्हणून पोचली. जन्मभर म्हणेल.”

मी आक्षेप घेतला. प्रकृतीशी खेळ करू नये, असेही म्हणालो. त्यावर ती म्हणाली की खेळ गेल्या खेपेला झाला, ही खेप हिशेबाची आहे. शाळेत प्रयोग शिकवताना बाकी सगळे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी, हे मी अनेक वर्षे सांगितले. ते घरात कोणी ऐकत असेल असे मला वाटले नव्हते. डॉक्टरांना विचारले. पाणी आणि फराळ चालू असेल तर त्यांची हरकत नव्हती.

दुसऱ्या प्रवासात तीच सकाळची वेळ होती, तसाच युरोपातला बदल होता आणि तसाच लाडवांचा डबा होता. बदलले ते एवढेच. दोघांच्याच रांगेत कडेची जागा तिची आणि खिडकी माझी. साडी आणि परकराची कसून बांधलेली नाडी यांऐवजी तिने आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी पोशाख घातला आणि घरातून निघताना जिन्यात कोणी नाही ना ते मला आधी पाहायला लावले. मोजे मी चढवले. दोन्ही पायांना मिळून वीस मिनिटे लागली. विमानात सेविकेने पेला आणला की ती आधी आपला पिई आणि मग माझा माझ्या हातात देई. तासातासाला उठून ती मागच्या बाजूला जाई. तेथे नडियादच्या दोन आणि नागपूरची एक अशा तीन बायका तिला भेटल्या. त्याही लेकीसुनांच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या आणि त्यांतली एक तिच्यासारखीच सकाळपासून पाण्याशिवाय होती. पत्नीने तिला स्वतः उभे राहून दोन पेले पाजले. जागेवर बसली की तिचे पाय मशीनवर असल्यासारखे चालत. पुढच्या आसनावरच्या बाईने एकदा वळून पाहिले. “काय शिवतेस?” असे मी पत्नीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “दादाचं तोंड.”

माझ्या घड्याळात पुण्याचा चंद्र उगवला तेव्हा बाहेर ऊनच होते. त्याविषयी मी या वेळी एक अक्षरही काढले नाही.

उतरल्यावर दारात खुर्चीवाला तिच्या नावाची पाटी घेऊन उभा होता. त्याला नमस्कार करून ती चालत पुढे गेली. रांगेत पाऊण तास उभी राहिली. बाहेर आल्यावर लेकीने आधी तिच्या पायांकडे पाहिले आणि मग तोंडाकडे.

हे सर्व मेहुण्यांना सांगून झालेले आहे. त्यांचे उत्तर ठरलेले: “उपास वाटेत सोडला असेल, भाऊजी. तुम्ही झोपला असाल.” मी झोपलो नव्हतो, परंतु माझी साक्ष त्यांना मान्य नाही. ठीक आहे. साक्ष मी लेकीची देतो, जिने आईला आणू नका असे सांगितले होते आणि त्या संध्याकाळी आठवा महिना घेऊन जी कोचावर पडून स्वयंपाकघरात पाहत होती. आम्ही घरी पोचलो तेव्हा तेथील चंद्रोदयाला सव्वा तास अवकाश होता, पत्नीचा उपास सुटलेला नव्हता, आणि चौघांच्या वरणभाताचा कुकर तिने ओट्याशी उभे राहून स्वतः लावला.